जुन्या अॅम्बॅसेडर-फियाटला नवीन जाळी, बीडिंग अन् मोनोग्राम कसं बसवायचं

आपल्याकडं मराठवाड्यात घरची जुनी गाडी म्हणलं की बहुतेक वेळा अॅम्बॅसेडर नाहीतर फियाट निघते. आजोबांनी घेतलेली, वाड्यात नाहीतर शेतातल्या शेडमधे ताडपत्रीखाली उभी असलेली. इंजिन एखादा जुना उस्ताद चालू करून देतो पण गाडीचं तोंड पार गेलेलं असतं, समोरची जाळी वाकलेली, बॉनेटवरची पट्टी गायब, मोनोग्राम म्हणजे गाडीच्या नावाचं-चिन्हाचं बिल्ल्यासारखं ओतकाम कुणीतरी काढून नेलेलं. मग आपण नवीन बनवलेले पार्ट मागवतो अन् चार बोल्ट कसले की काम झालं असं धरून चालतो.

तसं होत नाही राव. हे नवीन पार्ट कुठल्यातरी एका जुन्या गाडीवरून साचा घेऊन बनवलेले असतात, अन् ती गाडी पण चाळीस-पन्नास वर्षं ठोकलेली, दाबलेली, डेंटिंग केलेली असू शकते. वरून तुमच्या गाडीचा पत्रा पण कंपनीतून आला तसा राहिलेला नाही. त्यामुळं पार्ट गाडीला जुळवून घ्यावा लागतो, अन् हे जुळवायचं काम कलर अन् क्रोम व्हायच्या आधी करायचं असतं. आधी कोरडं बसवून बघा, मग खोला, मग कलर-क्रोम करा, मग शेवटचं बसवा. हा क्रम सोडला की नवीन कलरवर ओरखडे, क्रोमला चिरा अन् मधे दिसणारी फट हे तीनही होतंच. पुढचं सगळं या क्रमानंच सांगतो.

मागवायच्या आधी

गाडी नेमकी कोणती हे पक्कं करा. अॅम्बॅसेडर म्हणून नुसती ऑर्डर देऊ नका. पश्चिम बंगालात उत्तरपाड्याला ही गाडी २०१४ पर्यंत बनली अन् मधे तिचं तोंड बऱ्याचदा बदललं. मार्क टू ची बारीक चौकटीची जाळी वेगळी, १९७५ ला मार्क थ्री आली तिची वेगळी, १९७९ ला मार्क फोर आली तिची परत वेगळी. फियाटचं पण तसंच आहे, १९६४ ची डिलाइट अन् १९७४ पासून पद्मिनी नावानं विकलेली गाडी लांबून एकच वाटते पण जाळी, मोनोग्राम अन् पट्ट्या बघून घ्याव्या लागतात. आरसी बुकवरचं साल बघा, पण त्यावर पण पूर्ण भरवसा ठेवू नका कारण आपल्याकडं ॲक्सिडेंट झाला की मिळेल त्या मार्कचं तोंड लावून गाडी रस्त्यावर काढायची पद्धत होती. जाळीचे बोल्ट समोरच्या पत्र्याला जिथं बसतात ती भोकं मोजा, भोकांचं मधलं अंतर लिहून ठेवा अन् विकणाऱ्याला पार्टचा मोजपट्टी लावलेला फोटो मागा. जो असा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊच नका.

मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट ही जुन्या पार्टची ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. जमत असेल तर स्वतः जा अन् जुना पार्ट सोबत घेऊन जा, तुटका असला तरी. मोडका ओरिजिनल अन् नवाकोरा डुप्लिकेट यातून निवडायचं असेल तर माझं मत सरळ आहे, ओरिजिनल दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच घ्या, त्याचे कोन अन् भोकं तरी बरोबर असतात.

पार्ट हातात आला की आधी त्याची जात ओळखा. लोहचुंबक लावा. पक्का चिकटला तर बहुतेक लोखंडी पत्र्यावर क्रोम आहे, पण स्टेनलेसच्या काही जाती पण चुंबकाला चिकटतात म्हणून मागच्या बाजूला गंज आहे का ते पण बघा. अजिबात नाही चिकटला अन् हलका आहे तर ॲल्युमिनियम नाहीतर प्लास्टिकवरचं चमकीचं काम. नाही चिकटला पण हाताला चांगला जड लागतो, मोनोग्रामसारखा ओतीव आहे, तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, अन् ते ठिसूळ असतं, वाकवायला गेलात की तुकडाच हातात येतो. पत्र्याची जाडी कॅलिपरनं मोजून जुन्याशी ताडून बघा. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिमी असतो अन् २२ गेजचा ०.७ च्या आसपास, बघायला फरक कळत नाही पण पातळ जाळी खडबडीत रस्त्याला थरथरते अन् वेल्डिंगच्या टाक्याजवळ तडकते.

अन् एक महत्त्वाचं, विकणारा तयार असेल तर पार्ट क्रोम न करता कच्चाच मागवा. क्रोम झालेल्या पार्टला कानस लावता येत नाही, वाकवता येत नाही, अन् जुळवणी तर करायचीच असते.

जुनं खोलताना

बॅटरीची अर्थ वायर काढा, इंडिकेटर अन् हॉर्नच्या वायरींना कागदी टेपवर नाव लिहून चिकटवा अन् सगळ्या बाजूंनी फोटो काढा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. नट तरी पण हलत नसेल तर जोर लावू नका, ओतीव पार्टच्या मागचा बोल्टासारखा खुंटा तुटतो, त्यापेक्षा नटच बाजूनं कापून काढलेला परवडतो, नट चार आण्याची वस्तू आहे. निघालेले बोल्ट, वायसर, क्लिपा वेगवेगळ्या पिशवीत टाकून वर जागा लिहा.

बोल्टांबद्दल लक्षात ठेवा, अॅम्बॅसेडर इंग्लिश वळणाची गाडी आहे म्हणून तिच्यात इंचाचे आटे, फियाट इटलीची म्हणून मिलिमीटरचे. दोन सुताचा बोल्ट म्हणजे ६.३५ मिमी, त्याच्या नटात ६ नंबरचा (६ मिमीचा) बोल्ट घातला तर आत जातो, धरल्यासारखा वाटतो अन् कसला की आटे घेऊन बाहेर येतो. गॅरेजच्या डब्यातला जो हाताला लागेल तो बोल्ट टाकायची सवय इथं महागात पडते.

आधी बॉनेट सरळ करा

जाळी वाकडी दिसते म्हणून लोक जाळीशी मारामारी करत बसतात अन् खरं दुखणं बॉनेटमधे नाहीतर समोरच्या पत्र्यात असतं. जाळी बसते त्या खिडकीचे दोन तिरपे माप घ्या, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा अन् त्याच्या उलट. दोन्हीत ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर समोरचा पत्रा कधीतरी दाबला गेलाय, आधी डेंटरकडं न्या. मग दोन्ही हेडलाइटच्या रिंगपासून खिडकीच्या काठापर्यंतचं अंतर मोजा, ते दोन्हीकडं सारखं पाहिजे.

मग बॉनेट. बिजागरीचे बोल्ट थोडे ढिले करून आधी काचेकडची फट सारखी करा, मग दोन्ही मडगार्डकडच्या फटी, मग उंची रबरी बफर वर-खाली करून, अन् लॉक सगळ्यात शेवटी. या जुन्या गाड्यांना ४-५ मिमीची फट चांगली दिसते, तिच्याहून कमी करायच्या नादात लागू नका, धक्क्यात काठ घासून कलर उडतो. लॉक आधी ॲडजस्ट केलं तर ते बॉनेटला ओढून धरतं अन् फटी खोट्या दिसतात.

जाळीच्या खिडकीच्या खालच्या काठाच्या आतलं पण बघून घ्या. आपल्याकडं कोकणासारखी खारी हवा नाही म्हणून पत्रे बरे टिकतात, पण आपली काळी माती जाळीमागच्या कोपऱ्यात एकदा बसली की पावसाळाभर ओल धरून ठेवते अन् पत्रा आतून खाते. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, पत्रा पापडासारखा मोडला तर तेवढा कापून नवीन लावा, त्यावर लांबी (डेंटरची पुटी) भरून जाळी बसवू नका, बोल्टला धरायला काही उरत नाही.

कापाकापी मात्र तेवढ्यापुरतीच. नवीन जाळी मोठी आहे म्हणून समोरचा पत्रा कापणारे मी बघितलेत, अन् ते चुकीचं आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, तिला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण अट अशी की चासी, बॉडी शेल अन् इंजिनमधे मोठा फेरफार झालेला नसावा. गाडी त्या वयाची असेल नाहीतर होणार असेल तर हा विचार ग्राइंडर उचलायच्या आधी करा.

कोरडी जुळवणी

खिडकीच्या काठाला अन् बॉनेटच्या ओठाला कागदी टेपचे तीन थर द्या. जाळी बसवायला दोन माणसं लागतात, एकटं करू नका. सगळे बोल्ट हातानं दोन-तीन आटे लावून ठेवा, पाना अजून हातात घ्यायचाच नाही. एखादा बोल्ट भोकात येत नसेल तर जाळीला ढकलून आणू नका. मागचा ब्रॅकेट खोलून त्याचं भोक गोल कानशीनं लांबट करा. बदल नेहमी न दिसणाऱ्या भागात करायचा, ब्रॅकेटमधे, वायसरमधे, रबरात. दिसणाऱ्या भागाला हात लावायची वेळ आलीच तर वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं हळूहळू, अन् तेही पार्ट पत्र्याचा असेल तरच.

सगळे बोल्ट सुटे बसले की मधून कडेला असं कसत या. कसताना जाळीकडं बघा. बोल्ट फिरवल्यावर जाळी वाकून पत्र्याला टेकत असेल तर तिथं फट आहे अन् तुम्ही ती जोरानं मिटवताय. ढिला करा, तेवढ्या जाडीचा वायसर टाका, मग कसा. ताणात बसवलेली जाळी शेडमधे छान दिसते अन् बीड रोडला नाहीतर लातूर रोडला दोन महिने चालवली की कोपऱ्यात क्रोम फाटतो.

आता बॉनेट बंद करायची, पण एकदम आदळायची नाही. जाळीच्या वरच्या काठावर प्लास्टिकचा कागद ठेवा अन् त्यावर सुपारीएवढे कणकेचे गोळे चार-पाच जागी लावा, वरून परत प्लास्टिक. बॉनेट हळूच खाली आणून लॉक होईपर्यंत दाबा अन् परत उघडा. गोळे किती चपटे झाले ते मोजपट्टीनं बघा. सगळीकडं ५-६ मिमी जाडी उरली तर उत्तम. एका बाजूला कणीक पार कागदासारखी झाली असेल तर तिथं बॉनेट जाळीला टेकतंय, अन् ते बाहेरून बघून कधीच कळलं नसतं. डावीकडं ८ अन् उजवीकडं ३ आली तर जाळी तिरकी आहे, ब्रॅकेटच्या लांबट भोकातून उजवी बाजू जरा खाली घ्या अन् परत नवीन गोळे लावून बघा.

सेफ्टी कॅच मात्र विसरू नका. नवीन जाळी लागल्यावर बाहेरून बोट घालून कॅच दाबता आला पाहिजे, अन् पहिलं लॉक सुटलं तरी कॅचनं बॉनेट धरून ठेवलं पाहिजे. हे हातानं वर ओढून तपासा. हायवेला बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसत नाही, इथं दिखाव्यासाठी तडजोड नाही.

काहीजण जाळीमागं मच्छरजाळीसारखी बारीक जाळी कायमची लावतात, किडे जाऊ नये म्हणून. करू नका. ती धुळीनं बुजते अन् मे महिन्यात ४२ डिग्रीला या जुन्या रेडिएटरला हवा नाही मिळाली की गाडी जालन्याच्या आधीच उकळते.

बॉनेटची पट्टी अन् मोनोग्राम

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बॉनेटला पाडलेलं चुकीचं भोक बुजवायचं म्हणजे वेल्डिंग, लांबी अन् परत पूर्ण कलर. आधी जुनी भोकं शोधा. बऱ्याच गाड्यांची पट्टी गेल्यावर डेंटरनं भोकं लांबीनं बुजवलेली असतात, वरून काही दिसत नाही पण बॉनेटच्या खालून टॉर्च मारला की गोल डाग नाहीतर लांबीचा थेंब दिसतो. तिथून बारीक ड्रिलनं मोकळं करा. कंपनीची भोकं सापडली तर अर्धं काम झालं.

नाही सापडली तर मधली रेघ काढावी लागते. बॉनेटच्या दोन्ही काठांपासून मोजून पुढं, मधे अन् मागं तीन-चार जागी मध्य काढा, टेपवर खूण करा अन् पुढून मागं दोरी ताणा. खुणा दोरीत येत नसतील तर बॉनेटचा काठ कुठंतरी दबलाय. पार्टचे खुंटे जाड कागदावर दाबून त्याचा छापा घ्या, तो कागद दोरीवर चिकटवा अन् दहा फूट मागं जाऊन बघा. मग दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा. जुन्या बॉनेटचा माप घेऊन काढलेला मध्य अन् डोळ्याला दिसणारा मध्य यात कधीकधी फरक येतो, तेव्हा डोळ्याचं ऐका, कारण लोक मोजपट्टी घेऊन बघायला येणार नाहीत.

भोक पाडायच्या आधी खालून बघा, आतल्या फ्रेमची पट्टी त्या जागी नाही ना, नाहीतर नट लावायला हात जाणार नाही. सेंटर पंच हलकाच मारा, जोरात मारला तर खळगा पडतो. आधी २ मिमीचं ड्रिल, मग ३, मग पाहिजे ते. ड्रिलच्या टोकाला लाकडाचा ठोकळा असा घाला की फक्त ५-६ मिमी टोक बाहेर राहील, म्हणजे एकदम आत घुसणार नाही. खुंट्यापेक्षा भोक अर्धा-एक मिमी मोठं ठेवा, बसवताना हलवायला जागा मिळते. काठ साफ करून उघड्या पत्र्याला ब्रशनं इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, वाळू द्या. गंज नेहमी याच भोकातून सुरू होतो. लोखंडाचा किस फडक्यानं पुसू नका, कलरवर ओरखडे पडतात, ब्रशनं नाहीतर व्हॅक्यूमनं उचला, अन् एक पण कण राहू देऊ नका, पावसाळ्यात रातोरात पिवळा डाग धरतो.

ओतीव मोनोग्रामचा नट बोटानं टेकेपर्यंत फिरवा अन् पान्यानं फक्त पाव फेरा. खाली नायलॉनचा वायसर टाका. खुंटा आधीच तुटलेला असेल तर त्या जागी ३.३ मिमीचं भोक करून ४ नंबरचा टॅप मारता येतो, म्हणजे ४ मिमीच्या बोल्टाचे आटे पाडता येतात, धातू पातळ असेल तर ३ नंबरसाठी २.५ चं भोक. टॅप सरळ धरा, अर्धा फेरा पुढं, पाव मागं, अन् खोली आधी मोजून ठेवा नाहीतर टॅप समोरून बाहेर येतो.

स्टेनलेसची बीडिंग म्हणजे शोभेची चमकती पट्टी, ती क्लिपवर बसते. आधी क्लिपा, मग बीडिंगचा वरचा काठ अडकवायचा अन् खालचा तळहातानं दाबायचा, एका टोकाकडून दुसऱ्याकडं. हातोडी नको. बीडिंगला पोचे असतील तर मागून गोल टोकाच्या पंचनं लाकडावर ठेवून उचला, मग ४००, ८००, १२०० चा पेपर पाण्यात, मग बफ. स्टेनलेसला क्रोम लागत नाही, बफिंगनंच ते आरशासारखं होतं, त्यामुळं प्लेटिंगवाल्यानं सांगितलं तरी त्याचे पैसे घालवू नका.

ॲल्युमिनियमचा पार्ट अन् लोखंडी पत्रा एकमेकांना थेट टेकू देऊ नका. दोन वेगळे धातू अन् मधे ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसायला लागते. मधे पातळ रबर नाहीतर ब्यूटाइल टेप, बोल्टाला नायलॉनचा वायसर, तेवढं पुरतं.

कलर अन् क्रोम

सगळं बसलं, फटी पटल्या, मग परत सगळं खोला. क्रोमच्या कामात शेवटचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षा पण पातळ असतो, खरं संरक्षण अन् बरीचशी चमक त्याच्या खालच्या निकलची. म्हणजे खड्डे क्रोमनं झाकत नाहीत, उलट उठून दिसतात. जुना थर उतरवून, तांब्याचा थर देऊन, घासून सपाट करून, मग निकल अन् मग क्रोम असा क्रम करतोय का ते विचारा. आपल्याकडं संभाजीनगरला वाळूज अन् चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बरीच कामं गाड्यांच्या सुट्या भागांची चालतात, पण मोठ्या लॉटवाल्याला तुमची एक जाळी नको असते, म्हणून एक-एक पार्ट हातानं घासणारा शोधा. पार्ट मोजून, फोटो काढून, लिहून द्या, बारीक मोनोग्राम तिथं सहज हरवतात. खुंट्यांचे आटे झाकायला सांगा, प्लेटिंग आट्यांत बसली की नट चढत नाही. हे काम घरी करायचं मात्र डोक्यातून काढा, क्रोमचं रसायन जीवघेणं विषारी आहे.

कलर पावसाळी हवेत मारू नका, विशेषतः थिनरवर वाळणारा जुना एनसी कलर असेल तर ओल लागून पांढरट धूर चढतो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के कलर असला तरी निदान आठवडाभर पक्का होऊ द्या, मगच वर पार्ट चढवा, नाहीतर रबराचे ठसे कायमचे उमटतात. जाळीमागचा रेडिएटरचा पत्रा मॅट काळा करा, जाळी दुप्पट उठून दिसते.

शेवटचं बसवणं अन् नंतर

क्रम असा, आधी जाळी, मग लाइट अन् वायरी, मग बॉनेट अन् फटी परत तपासणं, मग ओठाची पट्टी, मधली बीडिंग अन् शेवटी मोनोग्राम. जाळी जिथं पत्र्याला टेकते तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावा, खडखड थांबते. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट एकदा हलक्या हातानं बघून घ्या, रबर दबल्यामुळं ते थोडे ढिले होतातच.

धुताना बोअरचं पाणी क्रोमवर वाळू देऊ नका, आपलं पाणी जड आहे, पांढरे ठिपके बसतात अन् मग घासावे लागतात. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यानं तर मुळीच धुऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. एसीचं साठवलेलं पाणी चालतं. चिंच, राख, लिंबू हे पितळेच्या भांड्यांना ठीक आहे, क्रोमला अन् ॲल्युमिनियमला लावू नका. दोन-तीन महिन्यांतून एकदा कारचं वॅक्स पुरतं.

अन् काढलेली जुनी जाळी, तुटके मोनोग्राम भंगारात देऊ नका. तेल लावून, फडक्यात गुंडाळून गाडीचं नाव-साल लिहून ठेवा. त्यावरचं माप अन् भोकं ओरिजिनल आहेत, उद्या नवीन जाळी तडकली नाहीतर गावातल्या दुसऱ्या कुणाला साचा करायचा असला तर तोच तुकडा कामाला येतो.